खोगीर आणि त्याचं गणगोत

मराठी माणसाच्या दारात आज घोडा क्वचितच दिसतो, पण खोगीर त्याच्या बोलण्यातून गेलेलं नाही. पुस्तक जाड दिसावं म्हणून घातलेला मजकूर, यादी लांबावी म्हणून कोंबलेली नावं, संघाचा आकडा भरावा म्हणून घेतलेले गडी, या सगळ्यांना आपण खोगीरभरती म्हणून मोकळे होतो. म्हणणाऱ्याने बहुधा खोगीर कधी उचलून पाहिलेलं नसतं. त्याच्या आत काय भरतात हे तर त्याच्या गावीही नसतं. या शब्दावर आपण अन्याय केला आहे, असं मला मनापासून वाटतं. ज्या भरतीला आपण कुचकामी ठरवलं, तिच्या भरवशावर घोड्याची पाठ शाबूत राहायची आणि त्या पाठीच्या भरवशावर स्वाराचा जीव. म्हणून इथे खोगीर आणि त्याचं गणगोत, म्हणजे जीन, तंग, दुमची, पेशबंद, रिकीब, लगाम, यांची कुळी काढायची आहे. घोड्याचा साज निवडावा कसा आणि बसवावा कसा, याचं बरंचसं शहाणपण या शब्दांनीच सांभाळून ठेवलं आहे.

खोगीर हा शब्द फारसी. 'खूय' किंवा 'खू' म्हणजे घाम आणि 'गीर' म्हणजे घेणारा, धरणारा. 'खूगीर' म्हणजे घाम टिपून घेणारा. मुळात हे नाव सबंध बैठकीचं नव्हतंच. घोड्याच्या पाठीवर आधी एक जाड गादी पडते, तिच्यावर लाकडी सांगाडा येतो, सांगाड्यावर जीन चढतं आणि जिनावर स्वार बसतो. यातली अगदी खालची, घोड्याच्या कातडीला लागणारी, त्याचा घाम पिणारी गादी म्हणजे खूगीर. मराठीत आल्यावर त्या गादीचं नाव वरपर्यंत चढलं आणि सगळ्या बैठकीलाच लोक खोगीर म्हणू लागले. हिंदीत याच वस्तूला 'काठी' म्हणतात. त्यात काष्ठ आहे, म्हणजे मधला लाकडी सांगाडा. फारसीने मान दिला तो वरच्या जिनाला. वस्तू एक, थर तीन, आणि तीन भाषांनी तीन वेगळ्या थरांना धरून नाव दिलं. मराठीच्या वाट्याला घोड्याच्या बाजूचा थर आला. कुणी ठरवून हे केलं नसेल, पण या निवडीत मला मोतद्दाराची नजर दिसते. जो माणूस रोज संध्याकाळी घोड्याची पाठ चोळतो, त्याला सगळ्यात आधी खालची गादीच दिसते.

या 'गीर'ची भावंडं मराठीत घरोघर आहेत. 'आफ्ताब' म्हणजे सूर्य; त्याला अडवून धरणारा आफ्ताबगीर, तोच आपला अब्दागीर. देवाच्या पालखीबरोबर अब्दागिऱ्या आजही निघतात. 'जा' म्हणजे जागा. ती धरून बसणं म्हणजे जागीर, मराठीत जहागीर. मुलूख घ्यायला निघायचं ती मुलूखगिरी. ज्याचं 'दिल' दुःखाने धरलं गेलं तो दिलगीर. कचेरीतून येणारं दिलगिरीचं पत्र आणि घोड्याच्या पाठीवरची ओली गादी हे असे एका कुळातले आहेत. 'बार' म्हणजे ओझं, ते घेणारा बारगीर. फारसीत हा ओझं वाहणारा प्राणी होता. मराठ्यांच्या लष्करात तो प्राण्यावर बसणारा माणूस झाला: सरकारी पागेतला घोडा ज्याला मिळतो तो बारगीर. स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार; अरबीत 'सिलाह' म्हणजे शस्त्र.

कारागीर मात्र दिसतो या कुळातला आणि आहे दुसऱ्या. मूळ शब्द कारीगर. त्यातल्या 'गर'चा अर्थ करणारा, बनवणारा. मराठीच्या कानाला गीर इतका सवयीचा झाला होता की कारीगराचा कारागीर झाला. हाच 'गर' जीनगर या शब्दात धडधाकट उरला आहे. जीनगर म्हणजे जीन बनवणारा. पुढे ते एका समाजाचं नाव आणि आडनावही झालं. घोडदळाची मागणी आटली तसे जीनगरांचे कुशल हात धातूचं ओतकाम, सुतारकाम, मूर्तिकाम अशा दुसऱ्या कामांकडे वळले, पण नावात जीन राहिलं. या जिनाचं इराणमधलं जुनं रूप 'झेन'. त्याचा अर्थ शस्त्र, चिलखत असाही होता, कारण लढवय्याच्या सामानात जीन आणि हत्यार एकाच मोलाचं. जीनच्या पँटीतला जीन मात्र वेगळा. तो इटलीतल्या जिनोआ शहराच्या नावावरून युरोपभर फिरून आपल्याकडे आला.

आता घाम टिपण्याच्या अर्थाकडे नीट पाहू, कारण खोगीर बसलं की नाही हे आजही जाणकार घामावरूनच ओळखतात. घोड्याला चांगली रपेट घडवून आणावी, खोगीर उतरवावं आणि पाठ पुसायच्या आत ती न्याहाळावी. कण्याच्या दोन्ही अंगांना घामाचे ओले पट्टे सारखे उमटले असतील आणि मधली कण्यावरची वाट कोरडी असेल, तर खोगीर नीट बसलं. ओल्या पट्ट्याच्या मध्येच रुपयाएवढी कोरडी जागा दिसली तर समजावं की तिथे दाब इतका पडला की घाम सुटूच शकला नाही. आज तो नुसता कोरडा ठिपका असतो. तेच खोगीर तसंच चढवत राहिलं तर तिथले केस झडतात, कातडं सोलवटतं आणि जखम भरल्यावर त्या जागी पांढरे केस उगवतात. तांबड्या किंवा काळ्या घोड्याच्या पाठीवर असे पांढरे ठिपके दिसले तर ती जन्मखूण नसून चुकीच्या खोगिराची खूण असण्याचा संभव मोठा. घोडा पारखणारा म्हणूनच खोगीर उतरवायला लावतो, उघड्या पाठीवर तळहात दाबत नेतो, आणि कुठे घोडा अंग चोरतो ते पाहतो. घाम टिपणारा हे नाव ज्यांनी दिलं त्यांना हे घामाचं वाचन ठाऊक असणार.

खोगीर निवडताना पाहायच्या गोष्टी थोड्याच, पण एकही सोडून चालत नाही. मानेच्या मुळाशी, दोन खांद्यांच्या मध्ये जो उंचवटा असतो, त्याच्यावर खोगिराची पुढची कमान टेकता कामा नये. स्वार बसल्यावरही तिथे दोन-तीन बोटं शिरली पाहिजेत. कण्यावर भार नको; भार दोन्ही बाजूंच्या मांसल पट्ट्यांवर हवा. पुढे खांद्याचं पातं मोकळं हलायला हवं, नाहीतर घोडा पाऊल आखडतो. मागे खोगीर शेवटच्या बरगडीपलीकडे जाऊ नये. घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. त्या जिथे संपतात तिथून पुढच्या कमरेला खालून बरगडीचा आधार नाही. खोगीर रुंद झालं तर ते खाली बसतं आणि कण्याला लागतं. अरुंद झालं तर दोन्ही बाजूंनी चिमटतं. अरुंद खोगिराखाली आणखी घोंगडी घालून आराम देऊ पाहणं म्हणजे आधीच आवळणाऱ्या बुटात जाड मोजा घालणं. बाहेरून उपाय दिसतो आणि आतून त्रास वाढतो.

इथे भरतीचं महत्त्व कळतं. लाकडाचा सांगाडा एकदा घडला की बदलत नाही. घोड्याची पाठ मात्र सारखी बदलते. पावसाळाभर ठाणावर हिरवा चारा खाऊन सुटलेला घोडा आणि उन्हाळ्यातल्या मोहिमेवरून परतलेला घोडा यांच्या पाठी एक नसतात. त्या दोन्ही पाठींशी तेच खोगीर जुळवून घ्यायचं तर भरती कमीजास्त करावी लागते. लोकर, केस, गवत, चिंध्या, जे भराल ते सारखं पसरायला हवं. कुठे गोळा झाला की तो थेट पाठीत रुततो. वापराने भरती दबते, घामाने कडक होते, म्हणून ती उसवून पुन्हा पिंजून भरावी लागते. हे सगळं शिवणीच्या आत, डोळ्यांआड चालतं. कदाचित म्हणूनच आत काहीही कोंबलं तरी चालतं अशी समजूत झाली आणि शब्दाला आजचा हिणकस अर्थ चिकटला. माल हलका वापरत असतील, हात मात्र हलका चालत नव्हता.

सपाट मुलखात साजातली चूक खपून जाते. वरंध घाटाच्या बाजूला ती खपत नाही. महाडहून बिरवाडी आणि वरंध करत रस्ता माझेरीकडे चढू लागतो आणि पुढे घाटमाथ्यावरून भोरकडे उतरतो. एका अंगाला खोल दरीत शिवथरघळ, वाटेच्या डोक्यावर कावळ्या किल्ला, आणि मध्ये वाघजाईचं देऊळ, जिथे आता गाड्या भजी खायला थांबतात. पोलादपूरच्या बाजूने आंबेनळी घाट प्रतापगडाच्या अंगाने महाबळेश्वरला चढतो. सावित्रीच्या खाडीने महाडच्या पेठेपर्यंत मीठ आणि इतर माल यायचा आणि तिथून ओझ्याच्या बैलांच्या पाठीवर घाट चढायचा. अशा मुलखात जनावराच्या पाठीवरची प्रत्येक गोष्ट चढताना मागे आणि उतरताना पुढे सरकू पाहते. साजातले तीन शब्द इथे कामाला लागतात: तंग, दुमची आणि पेशबंद.

तंग म्हणजे पोटाखालून जाऊन खोगीर जागेवर धरणारा पट्टा. फारसी 'तंग'चा अर्थ अरुंद, आवळलेला. पैशाची तंगी, हात तंग असणं, अंगाला तंग बसणारा सदरा, सगळे त्याचेच अवतार. नाव आवळण्याचं असलं तरी तंग आवळण्याला मर्यादा आहे. तो पुढच्या पायाच्या कोपरामागे साधारण चार बोटं सोडून यावा, आणि एका झटक्यात कसू नये. पुष्कळ घोडे तंग ओढताना पोट फुगवतात. म्हणून आधी हलका बांधायचा, घोडा दहा-वीस पावलं चालवायचा आणि मग पुन्हा कसायचा. कसून झाल्यावर घोड्याचा पुढचा पाय उचलून हलकेच पुढे ओढावा, म्हणजे तंगाखाली अडकलेल्या कातडीच्या सुरकुत्या सुटतात. पट्ट्याखाली हाताची बोटं सरकली पाहिजेत. घाटात खोगीर घसरतंय म्हणून नवखा माणूस तंगच आणखी आवळतो आणि चढावर धापणाऱ्या घोड्याच्या छातीला जखडून टाकतो. घसरण रोखणं हे एकट्या तंगाचं काम नव्हेच.

उतारावर खोगीर मानेकडे येऊ लागतं, ते मागून धरते दुमची. 'दुम' म्हणजे शेपूट. खोगिराच्या मागच्या अंगाला बांधलेला हा पट्टा पुठ्ठ्यावरून जाऊन शेपटीच्या मुळाभोवती वेढा घेतो. तिथली कातडी नाजूक असते, म्हणून वेढा मऊ आणि स्वच्छ हवा. वेढ्यात शेपटीचे केस अडकले तर घोडा लाथा झाडतो, आणि त्याचं चुकत नाही. गोल पाठीच्या आणि खांद्याचा उंचवटा बसका असलेल्या तट्टूला उतारावर दुमचीशिवाय नेणं धोक्याचं. चढावर खोगीर मागे ओघळतं, ते पुढून धरतो पेशबंद. 'पेश' म्हणजे पुढे. हा पट्टा छातीवरून येतो आणि खोगिराला दोन्ही बाजूंनी अडकतो. तो श्वासनलिकेवर चढता कामा नये आणि खांद्याच्या हालचालीला अडता कामा नये. घाट चढून उतरणाऱ्या घोड्याला पेशबंद आणि दुमची दोन्ही लागतात. शब्दांतच दिशा सांगून ठेवल्या आहेत: एकात पुढचा भाग, दुसऱ्यात शेपूट.

पेशबंदातला हा 'पेश' मराठ्यांच्या इतिहासात फार मोठ्या माणसांच्या नावाला लागला. पेशवा म्हणजे पुढे असणारा, पुढारी. आगाऊ दिलेली रक्कम ती पेशगी. घोड्याच्या छातीवरचा पट्टा आणि राज्याचा मुख्य कारभारी यांची नावं एका मुळाची असावीत यात मला काही विपरीत वाटत नाही. दोघांचं काम पुढे राहून भार मागे ओघळू न देण्याचं.

वरंध ज्या महाड तालुक्यात आहे, त्यातच रायगड आहे. तिथे १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा प्रधानांची फारसी नावं बदलून संस्कृत करण्यात आली. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला गेला. त्यात दहा वर्ग आणि जवळजवळ १,४०० शब्द. शस्त्रवर्ग आहे, दुर्गवर्ग आहे, लष्करासाठी चतुरंगवर्ग आहे. मराठी राज्याने आपल्या कारभाराच्या भाषेचा इतक्या नेटाने विचार केला, ही आजही छाती भरून यावी अशी गोष्ट आहे. कोश झाला, अमात्य आणि सचिव हे शब्द रुळले. तंग मात्र तंगच राहिला, लगाम लगामच राहिला, आणि पेशवा हा शब्द तर पुढच्या शतकात अख्ख्या हिंदुस्थानाला ऐकू गेला. दरबारात बोलायचा शब्द आज्ञेने बदलता येतो. पहाटेच्या अंधारात, घोडा चुळबुळत असताना, एकाने दुसऱ्याला ओरडून सांगायचा शब्द हाताच्या सवयीत मुरलेला असतो. तो कोशकाराच्या हाती लागत नाही.

आणि घोड्याच्या साजात परक्या शब्दाचा विटाळ मानायचा तर संस्कृतलाही सुटका नाही. लगामाच्या, घोड्याच्या तोंडात जाणाऱ्या लोखंडी भागाला संस्कृतात 'खलीन' म्हणतात. तो शब्द ग्रीक 'खालिनोस' वरून आलेला, यवनांच्या घोड्यांबरोबर. पुढे फारसीतला लगाम आला. अरबांनीही तो फारसीकडूनच घेऊन 'लिजाम' केला. घोडे वायव्येकडून येत राहिले, प्रत्येक लाटेबरोबर साज सुधारत गेला आणि सुधारलेला साज आपलं नाव घेऊन उतरला. वस्तू आपलीशी केली की तिचं नाव परकं राहत नाही. लगाम आपण इतका आपलासा केला की तो जिभेला घालतो, खर्चाला घालतो. ज्यांच्यासाठी तो खरा आहे त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये जी मोकळी हिरडी असते, लगामाचं लोखंड तिथेच बसलं पाहिजे. ओठांच्या कोपऱ्याला एखाददुसरी सुरकुती पडावी. त्याहून वर ओढलेला लगाम तोंड फाडतो, आणि सैल सोडलेला दातांवर आपटतो.

रिकीब अरबी. ज्या धातूवरून ती आली त्याचा अर्थ स्वार होणं, चढणं. साँचीच्या शिल्पांत पायाच्या अंगठ्यापुरता दोरीचा फास दिसतो. सबंध पाऊल मावेल अशी पक्की रिकीब चीनमध्ये इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या सुमाराला दिसू लागते आणि तिथून पश्चिमेकडे पसरते. रिकीब आल्यावर स्वाराला उभं राहून भाला चालवता येऊ लागला. तिची लांबी ठरवायची जुनी रीत आजही चालते: हाताची बोटं खोगिराला टेकवावीत आणि पट्टा काखेपर्यंत ताणून धरावा, रिकीब काखेला पोहोचली की माप आलं. मग घोड्यावर बसून ते दुरुस्त करावं.

इतकी फारसी-अरबी नावं पाहिल्यावर एक गोष्ट ठळक दिसते. साजाची नावं बाहेरची, पण स्वाराच्या अंगाची नावं अस्सल घरची. घोड्यावरच्या पकडीला आपण मांड म्हणतो. मांड घट्ट असते, मांड सुटते, मांड ठोकून बसतात. टाच मारतात, टांग टाकून चढतात, टापांचा आवाज येतो. साज विकत आणता आला, मांड आपल्याच मांड्यांनी कमवावी लागली. ठाणावर घोडा बांधायच्या पुढच्या दोरांना अगाडी आणि मागच्या पायांच्या दोरांना पिछाडी म्हणत, ते शब्दही इथलेच. बैलाकडे पाहिलं तर हे आणखी स्पष्ट होतं. जू, वेसण, म्होरकी, कासरा, दावं, यांत फारसीचा वासही नाही, कारण बैल शेतात पिढ्यान्‌पिढ्या होता आणि त्याला कुणी नवा साज आणून दिला नाही. लगाम आणि वेसण दोन्ही आवर घालणारे, दोन्ही वाक्प्रचारांत पोहोचलेले, पण एक छावणीतून आलेला आणि एक गोठ्यातून.

खोगीर येण्यापूर्वी इथे शब्द नव्हता असं मात्र नाही. संस्कृत 'पर्याण', प्राकृत 'पल्लाण', त्याचं मराठी पालाण. त्यावरून पालाणणे हे क्रियापदही झालं. खोगीर आणि जीन यांनी घोडा व्यापला तसं पालाण मागे पडलं. स्वार हा शब्द तर आपल्याकडून गेलेला वाटावा इतका जवळचा. जुन्या इराणी भाषेत 'असबार' म्हणजे घोड्याने वाहिलेला. त्यातला 'अस' आणि आपला अश्व हे एकाच मुळाचे, 'बार' आणि आपला भार हेही एकाच मुळाचे. झिजत झिजत त्याचा 'सवार' झाला, मराठीत स्वार. घरधन्याला 'स्वारी कुठे निघाली?' असं विचारणाऱ्या बाईच्या प्रश्नात एक अश्व दडलेला आहे. उलट दिशेनेही एक शब्द गेला. शालिहोत्र या अश्ववैद्यकाच्या जनकाच्या नावावरून घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणू लागले. हा शब्द उर्दूने घेतला आणि कंपनी सरकारच्या घोडदळानेही घेतला. साज तिकडून आला, औषध इकडून गेलं.

घोड्याभोवतीची आणखी काही नावं आज घोड्याशिवायच फिरतात. तोबरा म्हणजे चंदीची पिशवी, घोड्याच्या तोंडाला बांधायची; आता तो पानाचा भरतात. 'चाबुक' फारसीत चपळ. चाबूकस्वार म्हणजे घोडे तयार करणारा तरबेज स्वार. तोच शब्द मलायी बेटांवरून दक्षिण आफ्रिकेत पोहोचला आणि तिथल्या कातडी आसुडाचं नाव झाला. 'पायगाह'ची पागा झाली आणि पागेचा हिशेब लिहिणारा पागनीस. हैदराबादचे पायगाह उमराव याच शब्दाचे. अरबी 'नअल' म्हणजे पादत्राण. तो आपला नाल. स्वाराला चाकरीपूर्वी जी आगाऊ रक्कम देत तिला नालबंदी म्हणत. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना आहे: पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी आणि नाल, या दोन गोष्टींवाचून घोडदळ एक दिवस चालत नाही, हे ज्यांना कळत होतं त्यांनी केलेली ती व्यवस्था.

ही सगळी नावं नुसत्या दप्तरातली नाहीत. माथेरानच्या तांबड्या वाटांवर मोटारींना बंदी असल्याने घोडा अजून रोजच्या कामाचा आहे. आंबेनळी घाट चढून गेलं की महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी घोडेवाल्यांच्या रांगा आहेत. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन अश्व दरवर्षी वारीसाठी आळंदीला येतात. त्यांतल्या एकावर स्वार असतो आणि दुसऱ्यावर कुणी बसत नाही, कारण तो माउलींचा. रिंगणात तो धावून गेला की वारकरी त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात.

आता साजाची नवी लाट आली आहे. नायलॉनचे पट्टे, कारखान्यात बनलेली तयार बैठक, आणि त्यांच्याबरोबर सॅडल, गर्थ, स्टिरप हे शब्द. ग्रीक खलीन आणि फारसी लगाम ज्या वाटेने आले त्याच वाटेने हेही येणार, त्याला हरकत घेण्याचं कारण नाही. नायलॉन कोकणच्या पावसात बुरसत नाही हा त्याचा गुण आहे. घाम पीत नाही आणि कडेने कापतो हा दोष. हरकत आहे ती एवढीच, की सॅडल या शब्दाने शिकाऊ मुलाला काहीच सांगितलं जात नाही. त्याला ते नुसतं बसायची जागा वाटतं. तेच खोगीर म्हणून आणि खोगिराचा अर्थ सांगून शिकवलं, तर घोड्यावरून उतरल्यावर पाठीवरचा घाम बघायचा असतो हे त्याच्या डोक्यात पहिल्या दिवशीच पक्कं बसेल. तंग म्हटलं की किती आवळायचं हा प्रश्न आपोआप येतो. दुमची म्हटलं की शेपटीचे केस सोडवायला हात जातो. मराठीत घोडेस्वारी शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे शब्द अर्थासकट शिष्याच्या हाती द्यावेत, आणि माथेरान, महाबळेश्वर, सारंगखेडा इथे खोगीर शिवणाऱ्या आणि नाल ठोकणाऱ्या माणसांच्या बोलण्यातून अजून जे शब्द सापडतील ते कुणीतरी चिकाटीने टिपून घ्यावेत. भाषेचा त्यात लाभ आहेच. त्याहून मोठा लाभ घोड्याचा आहे, कारण त्याला कुठे बोचतंय हे तो कुठल्याच भाषेत सांगू शकत नाही.